ऊसतोड कामगार, विद्यापीठे आणि साठ तासांचे क्षेत्रकार्य

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील संलग्नित महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीचा जो नवा आराखडा लागू झाला, त्यात क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग कार्यक्रम यांना स्वतंत्र श्रेयांक देण्यात आले आहेत. दोन श्रेयांकांसाठी साधारण साठ तास, असा त्याचा हिशेब आहे. त्यामुळे कला, वाणिज्य, विज्ञान अशा सर्व शाखांचे विद्यार्थी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून गावांत, वस्त्यांत आणि आमच्यासारख्या संस्थांच्या दारात येऊ लागले आहेत. मी बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार कुटुंबांमध्ये, विशेषतः स्त्रियांमध्ये, काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेची कार्यकर्ती आहे. शिक्षण वर्गाच्या चार भिंतींबाहेर यावे अशी आमची जुनी इच्छा असल्याने या तरतुदीचे मी मनापासून स्वागत करते. मात्र सध्या ती ज्या रीतीने अमलात येत आहे, त्यातून विद्यार्थ्यांच्या हाती फारसे काही लागत नाही आणि लोकांच्या हाती तर काहीच लागत नाही. विद्यापीठांनी सुटे विद्यार्थी संस्थांकडे धाडण्याऐवजी निवडक संस्थांशी किमान तीन ते पाच वर्षांचे लेखी करार करावेत, अभ्यासाचे प्रश्न लोकांबरोबर बसून ठरवावेत आणि त्यासाठी वेळ व पैसा दोन्ही राखून ठेवावेत, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आज काय घडते ते आधी सांगते. सम सत्र, म्हणजे वर्षाचे दुसरे सत्र, डिसेंबर-जानेवारीत सुरू होते आणि मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा लागतात. साहजिकच विद्यार्थी आमच्याकडे येतात ते जानेवारी-फेब्रुवारीत, प्राचार्यांच्या सहीचे पत्र आणि छापील प्रश्नावली घेऊन. नेमक्या त्याच काळात, ज्यांचा अभ्यास करायचा ती माणसे गावात नसतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि होळी-पाडव्याच्या आगेमागे परततात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात जानेवारीत फिरले, तर कितीतरी वाड्यांवर आणि तांड्यांवर घरामागून घर कुलूपबंद असते. मागे उरलेली असतात म्हातारी माणसे आणि शाळेसाठी आजीजवळ ठेवलेली लेकरे. अशा एका आजीला एक विद्यार्थी प्रश्नावलीतला प्रश्न विचारत होता, कुटुंबाचे मासिक उत्पन्न किती. आजी म्हणाली, “महिन्याचं काय नसतं बाबा आमचं. पोरानं उचल घेतलीय, ती फिटंल तवा कळंल काय राह्यलं ते.” प्रश्नावलीत या उत्तराला जागा नव्हती. त्याने थोडा विचार करून पाच ते दहा हजारांच्या चौकटीत खूण केली आणि पुढचा प्रश्न वाचला.

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याचे स्वतःचे आईवडीलही तेव्हा उसाच्या फडात होते, हे नंतर त्यानेच मला सांगितले. उचल म्हणजे काय हे त्याला त्याच्या शिक्षकांपेक्षा अधिक कळत होते, पण ते ज्ञान त्या कागदावर चालणार नाही असे त्याने गृहीत धरले होते. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो, मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा कंत्राटदार, हंगामाआधी त्या कोयत्यावर उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो, ती लग्नात, दवाखान्यात किंवा जुन्या बाकीत खर्च होते आणि मग हंगामभर ऊस तोडून ती फेडायची असते. या व्यवहारात महिन्याच्या उत्पन्नाला काही अर्थ नाही. विचारायचे ते वेगळेच आहे. उचल कोणाच्या हातात पडली? हंगामाअखेरचा हिशेब बाईसमोर झाला का? आजारपणात पडलेल्या खाड्याचे किती पैसे कापले गेले? बाकी पुढच्या वर्षावर गेली का? हे प्रश्न आमच्या गटातील बायका स्वतः विचारतात. प्रश्नावली तयार करण्याआधी जुलैतला एक दिवस कोणी त्यांच्याजवळ बसले असते, तर ते कागदावर आले असते.

महाराष्ट्रात विद्या आणि लोक यांची भागीदारी कधी झालीच नाही, असे नाही. साखर धंद्याचाच इतिहास पाहावा. १९५० मध्ये प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव फिरून गोळा केलेल्या शेतकऱ्यांच्या बळावर आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांच्या अभ्यासाच्या बळावर. गाडगीळ दुरून सल्ला देऊन थांबले नाहीत, त्या कारखान्याचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून काम करीत आहे आणि आज राज्यातल्या फडाफडात दिसणारी को-८६०३२ ही जात शेतकऱ्यांपर्यंत तिथूनच पोहोचली. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट १९७५ पासून कारखान्यांच्या वर्गणीवर उभी आहे. म्हणजे उसाच्या बेण्याविषयी, खताविषयी, उताऱ्याविषयी शास्त्रज्ञ, कारखाने आणि शेतकरी यांच्यात अनेक दशकांचे, पैशाची तरतूद असलेले, दर हंगामात प्रश्न आणि उत्तरांची देवाणघेवाण करणारे नाते आहे. त्याचा राज्याला प्रचंड फायदा झाला आणि तो झाला याचा मला आनंदच आहे. पण तोच ऊस ज्यांच्या कोयत्याने कारखान्यापर्यंत जातो, त्या माणसांशी कोणत्याही विद्यापीठाचे असे नाते नाही. त्यांच्या वाट्याला साठ तास येतात, तेही ती गावात नसताना.

या उणिवेची किंमत काय असते, हे बीडने पाहिले आहे. ऊसतोड स्त्रियांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जात असल्याचे २०१९ मध्ये वृत्तपत्रांतून गाजले, तेव्हा शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती घेतली गेली आणि त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. आमच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या कानावर ही गोष्ट त्याआधी कितीतरी वर्षे येत होती. कोणत्याही गावात चार बायका बसल्या की एखादी तरी सांगायची. परंतु सांगोवांगीला कोणी दाद देत नाही आणि मोजण्याचे शास्त्र आमच्याकडे नव्हते. संख्याशास्त्राचे, समाजशास्त्राचे, गृहविज्ञानाचे विभाग असलेली महाविद्यालये आमच्या अवतीभवती होती. त्यांच्यात आणि आमच्यात बोलण्याचा ठरलेला रस्ता असता, तर हा आकडा वृत्तपत्रांची वाट न पाहता पुष्कळ आधी समोर आला असता आणि त्यातल्या काही जणींचे शरीर तरी वाचले असते, असे मला आजही वाटते.

असा रस्ता कसा तयार होतो, याचे मला सर्वांत जवळचे वाटणारे उदाहरण पुण्यातले आहे. १९९० च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या पुण्यातील निरंतर व प्रौढ शिक्षण विभागाने कचरा वेचणाऱ्या मुलांसाठी साक्षरतेचे काम हाती घेतले. विभागाच्या कार्यकर्त्या या मुलांच्या आयांबरोबर कचऱ्याच्या फेरीवर जाऊ लागल्या आणि तिथे त्यांना दिसले की साक्षरतेआधी वेगळ्याच गोष्टींची निकड आहे. कचराकुंडीत हात घालून वेचलेल्या मालापेक्षा सोसायटीच्या दारातच वेगळा करून मिळालेल्या सुक्या कचऱ्याला भाव जास्त मिळतो, हातांना जखमा कमी होतात आणि चोर म्हणून कोणी हटकत नाही. त्या दिशेने प्रयत्न सुरू झाले. पुढे १९९३ मध्ये हमाल पंचायतीचे बाबा आढाव यांच्या साथीने पुण्यात कचरावेचकांची परिषद भरली आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण ही नावे या कामाशी सुरुवातीपासून जोडलेली आहेत आणि दोघीही विद्यापीठातून आलेल्या.

या कामाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग पुढचा आहे. संघटना उभी राहिल्यावर विद्यापीठ बाजूला झाले नाही. १९९० च्या दशकातच पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनी कचरावेचकांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या साहाय्याने विद्यापीठाच्या त्याच विभागाने पुण्यातील कचरावेचक, भंगार दुकानदार आणि पुनर्वापर उद्योग यांचा सविस्तर अभ्यास केला. एक कचरावेचक बाई महापालिकेला दरमहा सुमारे अडीचशे रुपयांचे श्रम फुकट देते, हा हिशेब त्यातून मांडला गेला. रस्त्यावरच्या बाईला आपण शहरासाठी काही करतो हे ठाऊक होतेच, पण आता तिच्या हातात महापालिकेला दाखवता येईल असा आकडा होता. त्यानंतर महापालिकेने कचरावेचकांच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरायला सुरुवात केली आणि २००८ मध्ये घरोघरचा कचरा गोळा करण्यासाठी कचरावेचकांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी करार केला. साक्षरता वर्गापासून या करारापर्यंत जवळजवळ अठरा वर्षे गेली. इतक्या काळात कितीतरी सत्रे आली आणि गेली, विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्या बदलल्या. नाते मात्र टिकले, कारण ते विद्यार्थ्यांच्या हजेरीपटावर अवलंबून नव्हते. ते विभागाचे काम होते आणि शिक्षिकांच्या नोकरीचा भाग होता.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनेही १९८४ मध्ये पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू करून तो वर्षानुवर्षे चालवला आणि पुढे शासनाने हे कक्ष राज्यभर नेले. समाजकार्य महाविद्यालयांत आठवड्याचे दोन दिवस क्षेत्रकार्याचे असतात, विद्यार्थी वर्षभर एकाच संस्थेत जातो आणि संस्थेतील एक अनुभवी व्यक्ती त्याची मार्गदर्शक असते. म्हणजे पद्धत आपल्याकडे आहे. ती समाजकार्याच्या मोजक्या महाविद्यालयांपुरती न ठेवता इतर शाखांनी आपापल्या गरजेप्रमाणे घडवून घ्यायची आहे.

ऊसतोड कामगारांच्या बाबतीत हे काम एका विद्यापीठाला एकट्याने करता येणार नाही, ही गोष्ट मला विशेष आग्रहाने मांडायची आहे. आमची माणसे वर्षातले सहा महिने डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात असतात आणि उरलेले सहा महिने बहुतांशी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या किंवा सोलापूर विद्यापीठाच्या क्षेत्रात. काही टोळ्या कर्नाटकातही जातात. गावात केलेली पाहणी फडावरचे काही सांगत नाही आणि फडावर केलेली पाहणी गावातले काही सांगत नाही. बाई गरोदर असताना गावच्या आरोग्य उपकेंद्रात नोंदली जाते, बाळंत होते कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत, किंवा कारखान्याजवळच्या दवाखान्यात, आणि बाळाच्या लसी कुठे चुकल्या हे दोन्हीकडच्या नोंदी जुळवल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी गावाकडचे एक महाविद्यालय, कारखान्याकडचे एक महाविद्यालय आणि दोन्हीकडे काम करणाऱ्या संस्था असा जोड करावा लागेल. जून ते सप्टेंबर या काळात, विषम सत्रात, इकडच्या विद्यार्थ्यांनी गावात कुटुंबांशी ओळख करून घ्यावी, स्त्रियांच्या गटांबरोबर बसून प्रश्न ठरवावेत, उचल कधी आणि किती घेतली याची नोंद करावी. डिसेंबरनंतर तिकडच्या विद्यार्थ्यांनी त्याच कुटुंबांना कोपीवर भेटावे. पाणी किती लांबून आणावे लागते, पहाटे फडावर जाताना लहान मूल कोणाजवळ असते, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढताना काय होते, हे पाहावे. आणि पाडव्यानंतर दोन्हीकडच्यांनी गावात एकत्र येऊन, कुटुंब परतल्यावर, हंगामाचा हिशेब कुटुंबाबरोबर बसून मांडावा. एका तुकडीला यातला एकच टप्पा पाहायला मिळेल, हे खरे. म्हणूनच करार विद्यार्थ्याशी न होता विभागाशी व्हावा, म्हणजे एका तुकडीच्या नोंदी पुढच्या तुकडीच्या हाती जातील.

यात केवळ समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना काम आहे असे समजू नये. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ करण्याचा करार झाला. ती वाढ प्रत्यक्षात कोयत्याच्या हाती किती पडली, हे आमच्या बायका विचारतात आणि आम्हाला सांगता येत नाही. वजनाच्या पावत्या, टनाचा दर, मुकादमाचे कमिशन, उचल, खाडे आणि बाकी हे सारे एका कागदावर मांडणे हे वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सहज जमणारे काम आहे. एकाच गावातली वीस कुटुंबे घेऊन त्याने हे केले, तर त्याला लेखाशास्त्रही कळेल आणि त्या वीस घरांतल्या बायकांना आपल्या हंगामाचा हिशेब पहिल्यांदा डोळ्यांनी पाहायला मिळेल. भूगोलाचे विद्यार्थी पाण्याचा आणि स्थलांतराचा नकाशा करू शकतात. विधीच्या विद्यार्थ्यांना उचलीच्या व्यवहारातल्या कोऱ्या कागदांवरच्या सह्यांचा अभ्यास करता येईल. मराठीच्या विभागाला तर फडावरच्या ओव्या आणि बोलण्याचा केवढा साठा मिळेल! विषय लोकांच्या जगण्यात आधीच आहेत, अभ्यासक्रमाने ते ओळखायचे आहेत.

करारात काय असावे, याबद्दल आमचा अनुभव असा आहे की चार गोष्टी आधी लिहून ठेवल्या नाहीत, तर पुढे सगळे विसरले जाते. सर्वांत पहिली गोष्ट पैशाची, कारण तिच्याबद्दल बोलायला दोन्ही बाजू संकोचतात. विद्यार्थ्यांना वस्तीवर नेणे, त्यांची ओळख करून देणे, त्यांना समजावणे, त्यांच्या चुकीच्या प्रश्नामुळे दुखावलेल्या माणसाची समजूत घालणे, यात आमच्या कार्यकर्तीचे दिवसच्या दिवस जातात. तिला संस्थेकडून मिळणारे मानधन आधीच तुटपुंजे असते आणि ते दुसऱ्या कामासाठी मिळालेल्या निधीतून दिलेले असते. महाविद्यालय बाहेरच्या परीक्षकाला मानधन आणि प्रवासखर्च देते. तेच तत्त्व क्षेत्रमार्गदर्शकाला लावण्यात अडचण नसावी. मुलाखतीसाठी ज्या बाईचा अर्धा दिवस जातो, तिची अर्ध्या दिवसाची मजुरीही खर्चाच्या अंदाजपत्रकात धरली पाहिजे. दुसरी गोष्ट माहितीच्या मालकीची. जमवलेल्या माहितीची प्रत संस्थेकडे आणि ग्रामसभेकडे राहिली पाहिजे, नावे गुप्त ठेवली पाहिजेत आणि निष्कर्ष मराठीत लिहून, प्रबंध सादर होण्याआधी, लोकांसमोर वाचून दाखवले पाहिजेत. वैद्यकीय संशोधनासाठी नीतिविषयक समितीची परवानगी लागते. पदवीच्या प्रकल्पांना अशी चाळणी बहुधा नसते, आणि मग एखादा विद्यार्थी पूर्वतयारीविना एखाद्या बाईला तिच्या शस्त्रक्रियेबद्दल भर अंगणात, सासऱ्यासमोर, प्रश्न विचारतो. तिसरी गोष्ट जबाबदार शिक्षकाची. तीन वर्षे एकच शिक्षक या कामाशी जोडलेला राहावा आणि त्याचे हे तास कार्यभारात मोजले जावेत. चौथी गोष्ट काम संपवण्याची. कोणत्या परिस्थितीत आणि किती आधी सांगून करार थांबवता येईल, हे दोन्ही बाजूंना माहीत असावे.

यावर शिक्षक मंडळी जे उत्तर देतात ते मला माहीत आहे आणि त्यात तथ्यही आहे. पदवीच्या एकेका वर्गात शंभर-सव्वाशे मुले, अर्धी पदे रिक्त, तासिका तत्त्वावरचे शिक्षक एकेक तासाच्या हिशेबाने राबणारे. अशा स्थितीत तीन वर्षे एका वस्तीशी नाते ठेवायला कोणाला सवड आहे? शिवाय पदोन्नतीसाठी शोधनिबंध मोजले जातात. ग्रामसभेत वाचून दाखवलेला मराठी अहवाल मोजला जात नाही. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅक या राष्ट्रीय संस्थेच्या मूल्यांकनात सामंजस्य करारांची संख्या आणि विस्तारकार्याचे कार्यक्रम पाहिले जातात, म्हणून करार होतात, सहीच्या वेळी छायाचित्रे निघतात, आणि पुढच्या मूल्यांकनापर्यंत कोणाचा फोन येत नाही. आमच्या कपाटातही असे करार आहेत. पण यावर उपाय विद्यापीठांच्याच हाती आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने विस्तारकार्याला अध्यापन व संशोधनाच्या बरोबरीचे स्थान १९७७ मध्येच दिले होते आणि राज्याच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात आजीवन अध्ययन व विस्तार मंडळाची तरतूद आहे. या मंडळाने दर जिल्ह्यात पाच-सात दीर्घ करारांची जबाबदारी घेतली, त्यांचा निधी वेगळा काढला आणि त्यांतून निघालेल्या मराठी अहवालांना शोधनिबंधाइतके गुण देण्याची शिफारस केली, तर उत्साही शिक्षक पुढे येतील. असे शिक्षक प्रत्येक महाविद्यालयात एक-दोन तरी असतात, मी त्यांना ओळखते. शंभर मुलांना शंभर ठिकाणी पाठवण्याऐवजी चार ठिकाणी पंचवीस-पंचवीस मुले वर्षानुवर्षे जात राहिली, तर शिक्षकाचा भारही हलका होईल.

आणखी एक शंका अशी की संस्थांना आपले म्हणणे सिद्ध करून देणारेच संशोधन हवे असते. ही शंका मी झटकून टाकणार नाही. आम्ही बाजू घेऊन काम करतो, आमच्या डोळ्यांना काही गोष्टी ठळक दिसतात आणि काही दिसत नाहीत. मुकादमाकडे आम्ही शोषक म्हणून पाहतो. पण त्याच्यावर कारखान्याच्या वाहतूकदाराची किती उचल असते, टोळी पळाली तर त्याचे घरदार कसे बसते, हे एखाद्या विद्यार्थ्याने नीट मांडले तर ते आम्हाला ऐकावे लागेल. म्हणून करारातच लिहिले जावे की निष्कर्ष संस्थेच्या म्हणण्याविरुद्ध गेला तरी तो रोखला जाणार नाही. फक्त तो आधी लोकांसमोर वाचला जाईल आणि त्यांचे म्हणणे त्याला जोडले जाईल. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने अभ्यास गटांची जी पद्धत रुजवली, तीत गावकरी आणि बाहेरचे अभ्यासक एकत्र बसून चर्चा करतात आणि निर्णय मात्र ग्रामसभा घेते. २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत या गावाची गणना होते, त्यामागे या अभ्यासाचे बळ आहे. अभ्यासकाचे स्वातंत्र्य आणि गावाचा अधिकार एकत्र नांदू शकतात, याचे याहून चांगले उदाहरण आपल्याकडे क्वचितच असेल.

भागीदारीत जाण्या-येण्याचे दोन्ही रस्ते खुले असले पाहिजेत. विद्यार्थी आमच्याकडे येतात, तसे आमच्याकडचे लोक विद्यापीठात जायला हवेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या नियुक्तीचे मार्गदर्शक नियम केले. त्यांनुसार पीएच.डी. नसलेल्या, पण किमान पंधरा वर्षांचा अनुभव असलेल्या व्यक्तीला अध्यापनासाठी नेमता येते आणि त्या अनुभवाच्या क्षेत्रांत समुदाय विकास, पंचायत राज, ग्रामीण विकास यांचाही समावेश आहे. व्यवहारात या नेमणुकांची चर्चा होते ती उद्योगातल्या अधिकाऱ्यांपुरती. आमच्या भागात अशा स्त्रिया आहेत, ज्यांनी वीस-वीस हंगाम ऊस तोडला, मग बचतगट बांधले, ग्रामपंचायतीत निवडून आल्या, हंगामी वसतिगृहांसाठी पंचायत समितीच्या पायऱ्या झिजवल्या. श्रम, स्थलांतर, स्त्रियांचे आरोग्य या विषयांवर त्यांचे आठ-दहा तास पदव्युत्तर वर्गांत झाले, तर ते कोणत्याही पाठ्यपुस्तकाइतके मोलाचे ठरतील. नियम आडवा येत असेल, तर अतिथी व्याख्याता म्हणून बोलवावे, पण मानधन देऊन आणि वेळापत्रकात नाव छापून.

ऊसतोड कुटुंबांतील मुले-मुली आता महाविद्यालयांत पोहोचली आहेत. आईवडील फडात असताना ती वसतिगृहात किंवा नातेवाइकांकडे राहून शिकतात आणि अनेकदा परीक्षेच्या फीसाठी सुट्टीत स्वतः कोयता धरतात. क्षेत्रकार्यासाठी त्यांनाच त्यांच्या गावात पाहुण्यासारखे पाठवण्यापेक्षा, त्यांच्या माहितीला अभ्यासात स्थान देऊन, त्यांना सहसंशोधक म्हणून थोडे विद्यावेतन मिळाले, तर त्यांचे शिक्षणही टिकेल. ऊसतोड कामगारांसाठी राज्याने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ स्थापन केले आहे. कामगारांविषयीची खात्रीची माहिती त्या महामंडळालाही हवीच असणार. मग या अभ्यासाच्या निधीत त्याने वाटा उचलावा, ही मागणी गैरवाजवी ठरू नये.

हे सगळे एका वर्षात होणार नाही, याची मला कल्पना आहे. पण सुरुवात करण्याची वेळ ठरलेली आहे आणि ती चुकली की वर्ष जाते. पाडव्यानंतर माणसे गावात येतात आणि दसऱ्यापर्यंत असतात. तेव्हा मराठवाडा विद्यापीठाच्या विस्तार मंडळाने येत्या जून-जुलैत धारूर किंवा केज येथे, तालुक्याच्या ठिकाणी, एक दिवसाची बैठक बोलवावी, अशी माझी जाहीर विनंती आहे. बैठकीला कोल्हापूर आणि सोलापूर विद्यापीठांचे प्रतिनिधी असावेत, महामंडळाचे अधिकारी असावेत, आमच्यासारख्या संस्था असाव्यात आणि निम्म्या खुर्च्यांवर ऊस तोडणाऱ्या बायका असाव्यात. बैठक रविवारी न ठेवता बाजाराच्या दिवशी ठेवावी, म्हणजे बायकांना वेगळा प्रवास पडणार नाही. जागा, चहा आणि गावोगाव निरोप पोहोचवण्याची जबाबदारी आम्ही स्थानिक संस्था घेऊ. पुढील वर्षाच्या क्षेत्र प्रकल्पांचे विषय त्या बैठकीत ठरावेत, आणि महाविद्यालयांनी ते सत्र सुरू होताना विद्यार्थ्यांच्या हाती द्यावेत.

कळावे,
आपली नम्र,
ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये काम करणारी एक कार्यकर्ती, जि. बीड